मास्तरांच्या मागची जागा

दाऊद मास्तरांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. पाठ मात्र लगेच आठवते. खाकी शर्ट, उजव्या खांद्याखाली भाभींनी लावलेलं जरा वेगळ्याच खाकीचं ठिगळ, मानेवर उन्हाने पडलेल्या आडव्या रेघा आणि शिट्टीची काळी दोरी. त्या पाठीमागून मी जव्हारच्या डोंगरात इतकी चालले आहे की आजही कुणी खाकी शर्ट घालून पुढे चालायला लागलं की माझे पाय आपोआप त्याच्या मागे वळतात.

मी वाईची. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला साखरशेतच्या पलीकडच्या एका माळावर, आश्रमशाळेत मराठी शिकवायला म्हणून आले. शाळेचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखी इमारतही नव्हती. कौलारू लांब पडवी, मुलांच्या दोन खोल्या, मुलींची एक, आणि त्या मुलींच्या खोलीला लागून माझी. पाड्यापाड्यांवरून आलेली पोरं तिथे राहायची. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, ताटातला भात वेगळा. वर्षाचं पोर आईपासून तोडावं तशी पाचवी-सहावीतली पोरं भिंतीला चिकटून बसलेली असत. आणि मी वाईहून आलेली शहाणी, त्यांना नामाचे प्रकार शिकवणार! अहो, कसली नामं आणि कसलं काय.

मास्तर कवायतीचे. मूळचे जव्हार गावातले. वडिलांचं बाजारात भांड्यांना कल्हई करायचं दुकान होतं. थोरला भाऊ भात्यावर बसला आणि हे शिट्टी घेऊन शाळेत आले. दर शनिवारी दुपारी सायकलने घरी जायचे आणि सोमवारी पहाटे परत यायचे, हँडलला भाभींनी दिलेली लोणच्याची बरणी लटकवून. भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी, फातमाभाभी. बाईचं तोंड अखंड चालू. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले, तर मास्तरांच्या तोंडून "वाढ" एवढाच शब्द ऐकला. येताना मी चिडवलं, तर म्हणाले, "घरी मला बोलायचं कामच नाही, बाई. आमच्याकडे रेडिओ आहे. बॅटरी कधी संपत नाही त्याची."

पोरांच्या तब्येतीचं त्यांना भारी वेड. नखं बघायचे, दात बघायचे, डोळ्यांच्या खालची पापणी ओढून बघायचे. सकाळी शाळेत चहाची नुसती लालभडक फुळकवणी मिळायची. ती त्यांनी भांडून बंद केली आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील सुरू केली. पालक सोडायला आले की प्रत्येकाने घरची थोडी नागली आणायची, असा त्यांनी नेमच करून टाकला. "घरचं धान्य पोटात गेलं की पोर रात्री कमी रडतं," असं त्यांचं म्हणणं. हेडसर बिचारे भिडस्त माणूस. वरून काही विचारणा होईल म्हणून आधी घाबरले आणि मग स्वतःच दोन वाट्या आंबील प्यायला लागले.

पण मास्तर स्वतः चहाबाज! स्वयंपाकघराच्या मागे, जळणाच्या ढिगाआड उभं राहून बशीतून चहा मारायचे. एक दिवस सातवीतल्या पोरींनी त्यांना पकडलं. एकीने कमरेवर हात ठेवून अगदी त्यांच्याच आवाजात विचारलं, "काय रं, आंबील प्यालास का?" मी म्हटलं, आता शिट्टी वाजणार आणि पोरींची धडगत नाही. मास्तरांनी बशी खाली ठेवली, निमूट मैदानावर गेले आणि धापा टाकेपर्यंत धावले. पोरी कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत फेऱ्या मोजत होत्या. चहा त्यांनी काही सोडला नाही हं. फक्त त्यानंतर उघड्यावर, पोरांसमोर प्यायचे आणि पिऊन झाल्यावर धावायचे.

तर हे सगळं ठीक. पण मास्तरांची खरी गोष्ट रांगेची.

सुट्टी संपून पोरं शाळेत आली की आठवड्याभरात निम्मी घरी पळायची. सकाळी हजेरीला उभं असलेलं पोर दुपारी गायब. मग मास्तर पायी त्याच्या पाड्यावर जाऊन त्याला घेऊन यायचे. आणून हेडसरांच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, समोर हेडसर, बाजूला मी आणि मास्तर. "काय झालं? बोल. घाबरू नको, बोल की!" पोर काय बोलणार? ते खुर्चीच्या पायाकडे बघत बसायचं. आम्ही तिघं तिघं त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेले, एखाद्या मोठ्या माणसालाही घाम फुटेल.

काळू नावाचा पोरगा असाच सारखा पळायचा. एकदा त्याला आणताना मास्तर पुढे आणि तो मागे, असे भातखाचरांच्या बांधावरून येत होते. बांध तो केवढा, एका माणसाच्या पावलाएवढा. शेजारी शेजारी चालायची सोयच नाही. आणि काळू मागून बोलायला लागला. वर्गातली पोरं त्याच्या फुटक्या ओठाला हसतात, रात्री अंथरूण ओलं होतं, त्याची लाज वाटते. सगळं, शाळा येईपर्यंत. मास्तर वळले नाहीत. वळले असते तर खाचरात पडले असते, असं तेच सांगायचे.

"बाई, ही माणसं अशीच बोलतात," त्या दिवशी ते मला म्हणाले. डोळे लकाकत होते नुसते. "बाजाराला येतात तेव्हा बघा. ओळीने चालतात, पुढच्याच्या पाठीशी बोलतात. नवराबायकोचं भांडण असो की लग्नाची बोलणी असोत, सगळं चालता चालता. समोरासमोर बसून बोलायचं म्हणजे यांना पोलीस ठाण्यासारखं वाटतं. आणि आपण त्यांना खुर्च्या देतो!"

त्या आठवड्यापासून शनिवारचा शेवटचा तास चालायचा झाला. सगळी शाळा एका ओळीत बांधावरून ओढ्यापर्यंत जायची आणि यायची. सगळ्यांत पुढे मास्तर. त्यांच्या पाठीमागे एका माणसाची जागा रिकामी. ज्याला काही बोलायचं असेल त्याने त्या जागेत यायचं. मास्तर वळून बघणार नाहीत, कोण आहे ते विचारणार नाहीत, जे बोलायचं ते पुढच्या वाटेकडे बघून बोलतील. बाकीच्यांनी चार पावलं अंतर ठेवायचं. आणि तिथे कोण गेलं होतं यावरून नंतर कुणी कुणाला चिडवायचं नाही. या एका नियमासाठी मात्र मी त्यांना पोरांवर खरंखुरं ओरडताना पाहिलंय.

मोठ्या वर्गातली पोरं आधी हसली. मग एकजण गेला, मग दुसरा. बिड्या ओढणारे, परीक्षेला भिणारे, घरी बाप दारू पिऊन मारतो म्हणून सुट्टीत घरी न जाणारे. मास्तर फार काही सांगायचेही नाहीत. "हं", "मग?", "मग तू काय केलंस?" एवढंच. एकदा ठाण्याहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी हेडसरांना विचारलं, हा तास कुठल्या विषयात मोडतो? हेडसर मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, "साहेब, चला तर खरं." साहेब बूट घालून रांगेत शिरले आणि कुठे शिरले, तर नेमके त्या मोकळ्या जागेत! त्यांना काय ठाऊक? आम्ही मागून बघतोय, तर ओढा येईपर्यंत साहेबांचे हातवारे सुरू. परत आल्यावर शांत होऊन चहा प्यायले आणि मला म्हणाले, "तुमचे मास्तर फार बोलके आहेत हो." मास्तर वाटेत तीनदा 'हं' म्हणाले असतील नसतील. साहेब काय बोलले ते मास्तरांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तास मात्र चालू राहिला.

आता जनीचं.

जनी आठवीत. खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरची. खो-खोत तिच्यासारखी पळणारी पोर मी पुन्हा पाहिली नाही. हसायची इतकी मोठ्याने की मी माझ्या खोलीतून दटावायचे. दिवाळीच्या सुट्टीहून आली ती मुकी होऊन. बोलेना, जेवेना, आंबिलीची वाटी तशीच ठेवून उठे. मी डोक्यावरून हात फिरवला, जवळ घेतलं, रागावले, काही उपयोग नाही. आणि एक दिवस सकाळी प्रार्थनेत उभी असताना धाडकन पडली. दातखीळ बसलेली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर आणखी एक पडली. मग तिसरी. आठवड्याभरात अशी वेळ आली की प्रार्थना सुरू झाली की मी पडणारीला धरायला पोरींच्या मागे जाऊन उभी राहायचे. जव्हारच्या दवाखान्यातून डॉक्टर आले, सगळ्यांना तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. पोरी पडायच्या थांबेनात.

पाड्यांवर बातमी गेली, शाळेत काहीतरी आहे. आयाबाप येऊन पोरींना घेऊन जायला लागले. हेडसर घाबरले. त्यात त्यांची चूक नव्हती, मुलींची खोली ओस पडली असती तर ती पुन्हा भरली नसती. त्यांनी ठरवलं, सुरुवात जिच्यापासून झाली तिला घरी पाठवायचं. जनीच्या वडिलांना निरोप गेला.

घरी पाठवायचं म्हणजे काय, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भात कापून झाला होता. दहा-पंधरा दिवसांत तिकडची माणसं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उतरणार. जनी गेली की तीही डोक्यावर विटा घेणार, आणि मग पुढच्या वर्षी लग्न. भट्टीवर गेलेली पोर शाळेत परत आल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मी मास्तरांवर चिडले. म्हटलं, "सगळ्या शाळेची पोरं तुमच्या पाठीशी बोलतात, मग ही का नाही बोलत?"

"ती दोनदा आली होती त्या जागेत," मास्तर म्हणाले. "ओढ्यापर्यंत चालली आणि काही न बोलता परत गेली. तिला माझी पाठ नको आहे, बाई. कुणाची हवी ते मला कळत नाहीये."

शनिवारी सकाळी वडील आले. काटकुळा माणूस, खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. हेडसर समोरची खुर्ची पुढे करत होते, तो भिंतीशी उकिडवा बसला. जनी दारात उभी. बापाने तिच्याकडे बघितलं नाही, तिने बापाकडे बघितलं नाही. मी ते नुसतं पाहिलं, मास्तरांनी ते ओळखलं.

"नेतू तिला," वडील म्हणाले. "भगताला दावतू."

"दाखवा, जरूर दाखवा," मास्तर म्हणाले. "पण एवढं चालून आलात, तर आधी आमच्या पोरांबरोबर ओढ्यापर्यंत या. मग तुमची लेक घेऊन जा."

रांग निघाली. शाळेच्या कुंपणाबाहेर पडलो आणि बांध लागला तसे मास्तर थांबले. "बाबा, तुम्ही पुढे व्हा. माझ्या बुटाची नाडी सुटली." नाडी घट्ट बांधलेली होती, मी बघत होते ना! ते वाकून बसले, जनीला पुढे जाऊ दिलं आणि मला हळूच म्हणाले, "तुम्ही तिच्या मागे राहा. पडली तर धरायला कुणी हवं." स्वतः सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

कापलेल्या भाताची खाचरं दोन्ही बाजूंना. पुढे बाप, मागे जनी. बराच वेळ नुसती पावलं वाजत होती.

"बा, सोनीला काय झालं व्हतं?"

इतक्या दिवसांनी आवाज निघाला तो घोगराच. सोनी म्हणजे तिची धाकटी बहीण. शाळेत यायच्या आधी जनीच तिला कडेवर घेऊन हिंडायची.

बापाची पावलं अडखळली. पण बांध अरुंद, मागे एवढी ओळ, थांबायला जागा नाही. तो चालत राहिला.

"ताप," तो म्हणाला.

"कवा?"

"आवणी चालली व्हती तवा."

म्हणजे भर पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत. आणि पोरीला कळलं कधी, तर दिवाळीला घरी गेल्यावर. घरात शिरली आणि बहीण नाही! घरात कुणी काही बोलायला तयार नाही. पोरीने ते गिळून शाळेत आणलं होतं.

"मी असते तर तिला पेज भरवली असती. मी हितं बसून खात व्हते."

"तू असतीस तरी ताप आला असता, पोरी. तुझी आय व्हती. मी व्हतू. काय झालं आमच्यानं?"

"मग मला सांगलं का नाय?"

बापाने घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आलू व्हतू," तो म्हणाला. "सांगाया आलू व्हतू. तिला माती दिली आन् दुसरे दिवशी चालत आलू. त्या कुंपणापतूर आलू. तू खेळत व्हतीस. पळत व्हतीस आन् हसत व्हतीस, मोठ्यानं. मी उभा ऱ्हायलू. म्हनलं, घरात कुनी हसत नाय, ही तरी हसतेय. कसं सांगू? मंग फिरलू."

तो खोडाळ्यापासून पावसात चालत आला होता आणि तसाच चालत परत गेला होता. मी माझा पदर तोंडात कोंबला.

जनीने हात पुढे करून बापाच्या घोंगडीचं टोक धरलं आणि मोठ्याने रडायला लागली. अहो, काय रडली! खाचराच्या पलीकडची पाखरं उडाली. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. पण कुणी थांबलं नाही, कुणी पुढे धावलं नाही, पोरांना तेवढी शिस्त होती. बाप पुढे, घोंगडी धरून लेक मागे, असे ते ओढ्यापर्यंत गेले. तिथे दोघं शेजारी शेजारी बसले आणि त्याने तिला ओंजळीने पाणी पाजलं. मी वळून बघितलं, तर मास्तर लांब एका दगडावर पाठ करून बसले होते. मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गोड झालं असं काही नाही. एक-दोन पोरी आणखी काही दिवस पडत राहिल्या. जनी रोज थोडी थोडी जेवायला लागली, कधी जेवता जेवता रडायची, पोरी तिच्याजवळ सरकून बसायच्या. हळूहळू प्रार्थनेची भीती गेली आणि गेलेल्या पोरीही परत आल्या. पण त्या शनिवारी तिला न्यायला आलेला बाप एकटा परत गेला. जाताना फाटकाशी थांबून मास्तरांना म्हणाला, "पोर ऱ्हाऊ दे हितं. आता काय बी झालं तर मी आत येन. कुंपणाशी नाय थांबायचा."

पुढे माझी बदली नाशिकला झाली. मास्तर निवृत्त होऊन जव्हारला घरी गेले. ईदेला माझ्याकडून कार्ड जाई आणि दिवाळीला त्यांच्याकडून येई, मजकूर भाभींनी सांगितलेला आणि अक्षर मास्तरांचं. मग एका दिवाळीला कार्ड आलं नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला मी जव्हारला गेले. मांडवात पांढऱ्या साडीतली एक उंच बाई येऊन माझ्या पाया पडली. जनी! आरोग्य केंद्रात नर्स झाली होती. मी तिला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. ती हसली, पण लगेच म्हणाली, "बाई, भाभी गेल्या. रमजानच्या आधी. तेव्हापासून गुरुजी बोलत नाहीत."

"कुणाशी?"

"कुणाशीच. मी मघाशी निघालेच होते त्यांच्याकडे. चला."

कल्हईच्या दुकानामागे घर. मास्तर अंगणात खाटेवर बसले होते. अंगात तोच खाकी शर्ट, त्यावर तेच ठिगळ, पण शर्टातलं माणूस अर्धं झालेलं. मला ओळखलं, हात जोडले, जागा करून दिली. तोंडातून शब्द नाही. सून डोळे पुसत म्हणाली, "असेच बसतात हो. लोक येतात, समोर बसतात, समजावतात. हे नुसती मान हलवतात." समोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, भेटायला येणाऱ्यांसाठी. मला त्या खुर्च्या बघून रडूच आलं.

जनी खुर्चीवर बसली नाही. खाटेखालचे कॅनव्हासचे बूट काढून तिने त्यांच्या पायाशी ठेवले. "गुरुजी, उठा. शिरपामाळापर्यंत जाऊन येऊ."

ते उठले. मला वाटलं नव्हतं, पण उठले. गाव मागे पडलं, माळाची पायवाट लागली तसे सवयीने पुढे झाले. चार पावलं गेले असतील, तोच जनी बाजूच्या गवतातून भराभर चालत त्यांच्या पुढे गेली.

"आज मी पुढे," ती म्हणाली. "तुम्ही मागे या."

मास्तर वाटेत उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना पाठ दिलेला माणूस, त्याला कुणाच्या पाठीमागे चालायची सवय कुठली! मला वाटलं, परत फिरतात की काय. जनी थांबली नाही, हळू झाली नाही, सरळ चालत राहिली. मग मास्तरांनी पाऊल उचललं आणि तिच्या मागच्या जागेत गेले.

माझ्या चपलेचा पट्टा काही तुटलेला नव्हता. मी वाकले, तो उगीच काढला, घातला, पुन्हा काढला, ती दोघं पुरेशी लांब जाईपर्यंत.

मान वर केली तेव्हा ती चढावर पोचली होती. पुढे जनीची ताठ पाठ, मागे वाकलेले मास्तर. मला काही ऐकू येत नव्हतं, मला ऐकायचंही नव्हतं. दिसत मात्र होतं. आधी मास्तरांचा एक हात थोडा वर आला, मग दुसरा, आणि मग त्या चढावर, जनीच्या पाठीशी, त्यांचे दोन्ही हात बोलताना हलायला लागले.

मास्तरांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. जनी माळाच्या टोकापर्यंत चालत गेली. एकदाही वळली नाही.